घरी बांधलेला लिनिअर बेंच पॉवर सप्लाय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील आयटीआय व पॉलिटेक्निकचे विद्यार्थी, अँप्लिफायर दुरुस्त करणारे कारागीर आणि हौशी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. बेंच पॉवर सप्लाय म्हणजे कामाच्या टेबलावर सर्किटांना हवा तेवढा डीसी दाब (व्होल्टेज) देणारी पेटी. हिशेबाच्या सोयीसाठी सर्वत्र एकच सप्लाय गृहीत धरला आहे : २४ व्होल्ट ३ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारे चार डायोड), ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, दोन २एन३०५५ ट्रान्झिस्टर आणि ० ते २४ व्होल्ट, दीड अँपिअर एवढे आउटपुट. प्रचलित सर्किट-आकृत्या २३० व्होल्ट आणि २५ अंश सेल्सिअस धरून काढलेल्या असतात. आपल्याकडे हे दोन आकडे एका वेळी क्वचितच भेटतात, आणि आलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारींचे मूळ तिथेच आहे.

१. एसएमपीएस स्वस्तात मिळत असताना लिनिअर सप्लाय बांधण्याचा खटाटोप कशासाठी?

एसएमपीएस (स्विचिंग पद्धतीचा सप्लाय) वीज वाचवतो आणि वजनाला हलका असतो. पण तो हजारो वेळा प्रति सेकंद चालू-बंद होत असल्याने त्याच्या आउटपुटवर बारीक खळखळ राहते. रेडिओ रिसीव्हर, माइकचा प्रीअँप्लिफायर किंवा सेन्सरचे सर्किट तपासताना ही खळखळ सर्किटाची आहे की सप्लायची, हे कळेनासे होते. लिनिअर सप्लायमध्ये मालिकेत बसवलेला ट्रान्झिस्टर जास्तीचा दाब उष्णतेच्या रूपाने गिळतो. त्यामुळे तो अकार्यक्षम असतो, परंतु शांत असतो आणि साध्या मल्टिमीटरने दुरुस्त करता येतो. नुसत्या एलईडी पट्ट्या पेटवायच्या असतील तर मात्र एसएमपीएस घ्यावा.

२. ट्रान्सफॉर्मर २४ व्होल्टचा आहे, पण कपॅसिटरवर ३४ आणि रात्री तर ४० व्होल्ट दिसतात. ट्रान्सफॉर्मर चुकीचा मिळाला का?

ट्रान्सफॉर्मर बरोबर आहे. त्यावर लिहिलेला आकडा आरएमएस (एसीचे परिणामी मूल्य) असतो, तर कपॅसिटर शिखरापर्यंत भरतो. २४ गुणिले १.४१४ म्हणजे ३३.९ व्होल्ट, भार असताना ब्रिजमधील दोन डायोडांत सुमारे १.९ व्होल्ट जाऊन ३२ उरतात. छापील २४ व्होल्ट पूर्ण भारावरचे असतात, म्हणून भार नसताना लहान ट्रान्सफॉर्मर सहज १० टक्के जास्त देतो. त्यातच रात्री मळ्यातल्या मोटारी बंद होऊन घरातला दाब २५५ वर गेला, की कपॅसिटरवर ४० व्होल्ट येतात. म्हणून येथे ३५ व्होल्टचा कपॅसिटर कधीही लावू नये. ५० व्होल्टचा चालेल, ६३ व्होल्टचा योग्य. हाच ४० चा आकडा प्रश्न ७ आणि १४ मध्ये पुन्हा भेटेल.

३. ट्रान्सफॉर्मरवर ३ अँपिअर लिहिले आहे, मग ३ अँपिअर डीसी का घेऊ नयेत?

कपॅसिटर सतत भरला जात नाही. प्रत्येक अर्धलहरीच्या शिखराजवळ थोडा वेळ मोठा झटका घेऊन भरतो. अशा तुटक प्रवाहाचे आरएमएस मूल्य सरासरीपेक्षा बरेच जास्त असते, साधारण १.६ ते १.८ पट. वाइंडिंग आरएमएसने तापते. म्हणून ३ अँपिअरच्या ट्रान्सफॉर्मरमधून सलग दीड ते पावणेदोन अँपिअर डीसी घ्यावा, त्याहून जास्त नाही.

४. मुख्य कपॅसिटर किती मोठा लावावा?

५० हर्ट्झच्या पुरवठ्यात फुल-वेव्ह रेक्टिफायर दर १० मिलिसेकंदांनी कपॅसिटर भरतो. मधल्या काळात दाब किती घसरेल, हे प्रवाह गुणिले ०.०१ भागिले कपॅसिटन्स या सूत्राने कळते. दीड अँपिअर आणि ४७०० मायक्रोफॅरड घेतल्यास घसरण सुमारे ३.२ व्होल्ट येते. १०००० मायक्रोफॅरड लावला तर ती दीड व्होल्टवर येईल, पण ट्रान्सफॉर्मर आणि ब्रिज यांना बसणारे झटके अधिक तीव्र होतील. आमच्या मते प्रत्येक अँपिअरमागे ३००० ते ४००० मायक्रोफॅरड पुरेसे आहेत. कपॅसिटर १०५ अंशांचाच घ्यावा आणि हीट सिंकपासून (ट्रान्झिस्टरची उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या तुकड्यापासून) दूर बसवावा, कारण दर १० अंश वाढीमागे इलेक्ट्रोलायटिकचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. त्याच्यावर २.२ किलोओहम १ वॅटचा रेझिस्टर समांतर जोडावा, म्हणजे स्विच बंद केल्यावर तो अर्ध्या-पाऊण मिनिटात रिता होतो.

५. रात्री सप्लाय उत्तम चालतो, पण दुपारी २४ व्होल्टवर लावला की अँप्लिफायरमधून घुमण्याचा आवाज येतो. काय बिघडले आहे?

बहुधा काहीच बिघडलेले नाही. रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यातून आणि जिनिंगच्या हंगामात इतर तालुक्यांतूनही हा प्रश्न येतो. मोटारी चालू असताना घरातला दाब १९० पर्यंत उतरला असे धरा. दुय्यम बाजूला २४ ऐवजी १९.८ व्होल्ट मिळतात. त्यांचे शिखर २८, डायोडांनंतर २६, कपॅसिटरच्या घसरणीनंतर २३ पेक्षा कमी, आणि रेग्युलेटरला (आउटपुट स्थिर ठेवणाऱ्या भागाला) स्वतःसाठी लागणारे सुमारे ३ व्होल्ट वजा केल्यावर हाती २० राहतात. तुम्ही २४ मागितले की प्रत्येक लहरीच्या तळाशी रेग्युलेटर हात टेकतो आणि १०० हर्ट्झचा घुमार आउटपुटवर उतरतो. खात्री करणे सोपे आहे : आउटपुट १८ व्होल्टवर आणा. आवाज थांबला तर कारण हेच, न थांबल्यास प्रश्न १३ पाहा.

यावर नुसता मोठा ट्रान्सफॉर्मर लावणे हा अर्धवट उपाय आहे, कारण दुपारची सोय रात्रीच्या उष्णतेने फेडावी लागते. २८ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावल्यास १९० वरही २४ व्होल्ट मिळतात, परंतु रात्री आउटपुट शॉर्ट झाल्यास ट्रान्झिस्टरांवर सुमारे ६० वॅट पडतात. म्हणून दुय्यम वाइंडिंगला १५ आणि २८ असे दोन टॅप घेऊन, आउटपुट ९ व्होल्टच्या वर गेले की रिलेने टॅप बदलावा. अशा वेळी सर्वांत वाईट अवस्थेतील उष्णता सुमारे ४७ वॅटवर थांबते. रिले चालू होण्याची आणि बंद होण्याची पातळी एकच ठेवू नये. एक व्होल्टाचे अंतर नसेल तर तो सीमेवर कडकडत राहतो.

६. वाइंडिंगवाल्याकडून ट्रान्सफॉर्मर बांधून घ्यायचा आहे. त्याला काय सांगावे?

नुसते ‘चोवीस व्होल्ट, तीन अँपिअर’ सांगून भागत नाही. ७२ व्हीएसाठी (२४ व्होल्ट गुणिले ३ अँपिअर) मधल्या पायाचे क्षेत्रफळ १० चौरस सेंटिमीटरच्या आसपास असलेले स्टँपिंग (कोअरचे पत्रे) घ्यावे. प्रति व्होल्ट वेढ्यांसाठी ४५ ला क्षेत्रफळाने भागावे. येथे साडेचार येतात, म्हणजे प्राथमिक बाजूला १०३५ वेढे आणि दुय्यम बाजूला भाराखालची घट धरून ११४ च्या सुमारास. काही कारागीर तांबे वाचवण्यासाठी प्रति व्होल्ट साडेतीनच वेढे टाकतात. असा ट्रान्सफॉर्मर २३० वर गप्प असतो, पण २५५ वर कोअर संपृक्त होऊ लागतो, तो गुरगुरतो आणि भार नसतानाही तापतो. तार प्राथमिकला २८ गेज, दुय्यमला १८ गेज. दोन्ही वाइंडिंगांमध्ये मायलर किंवा इन्सुलेशन कागदाचे पुरेसे थर आणि शेवटी वॉर्निश, या दोन गोष्टींवर घासाघीस करू नये. प्राथमिक बाजूला अर्ध्या अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज हवाच.

७. एलएम३१७, ७२३ आणि ऑप-अँप यांपैकी कोणते सर्किट निवडावे?

पहिलाच सप्लाय असेल आणि दाब १५ व्होल्टपर्यंत पुरेसा असेल, तर एलएम३१७ (तयार रेग्युलेटर). तो १.२५ व्होल्टच्या खाली सहज येत नाही, त्याचा प्रवाह कमाल दीड अँपिअर आहे आणि इनपुट-आउटपुटमधील फरक ४० व्होल्टपेक्षा जास्त झालेला त्याला चालत नाही. त्याला किमान भार लागतो, म्हणून आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट पायांमध्ये २४० ऐवजी १२० ओहम लावावा. नाहीतर रिकाम्या आउटपुटवर दाब आपोआप वर चढतो.

१९६० च्या दशकात फेअरचाइल्ड कंपनीने आणलेली ७२३ ही रेग्युलेटर आयसी आजही दुकानांत मिळते आणि तिचा ७.१५ व्होल्टचा संदर्भ (तुलनेसाठीचा दाब) चांगला स्थिर आहे. मात्र साध्या जोडणीत ती २ व्होल्टच्या खाली येत नाही आणि तिचीही मर्यादा ४० व्होल्टचीच आहे. शून्यापासून दाब आणि शून्यापासून प्रवाह दोन्ही नियंत्रित करायचे असतील, तर ऑप-अँपची (दोन दाबांतील फरक वाढवून दाखवणाऱ्या आयसीची) दोन नियंत्रणे डायोडांनी एकत्र करावी लागतात : एक दाब पाहतो, दुसरा ०.२२ ओहमच्या रेझिस्टरवरील प्रवाह पाहतो, आणि ज्याची मागणी कमी त्याचे ट्रान्झिस्टर ऐकतो. कामाच्या टेबलासाठी हीच रचना खरी उपयोगाची आहे. ऑप-अँपांना मुख्य कपॅसिटरवरून थेट न जोडता वेगळा, स्थिर केलेला पुरवठा द्यावा.

८. हीट सिंक किती मोठे लागेल? आकृतीत दिलेले सिंक लावूनही मे महिन्यात ट्रान्झिस्टर गेला.

आकृती काढणाऱ्याची खोली २५ अंशांची होती. तुमची भुसावळची खोली मे महिन्यात दुपारी ४५ अंशांची असते, आणि बंद पेटीच्या आत आणखी दहा अंश जास्त.

हिशेब असा. सर्वांत वाईट वेळ म्हणजे २५५ व्होल्ट पुरवठा, आउटपुट शॉर्ट आणि दीड अँपिअर. तेव्हा कपॅसिटरवर सरासरी ३४ व्होल्ट असतात आणि सुमारे ५० वॅट ट्रान्झिस्टरांत जातात. २एन३०५५ मध्ये जंक्शनपासून (आतील सिलिकॉनपासून) केसपर्यंतचा (बाहेरच्या धातूपर्यंतचा) उष्णतारोध १.५ अंश प्रति वॅट आहे. अभ्रकाची चकती आणि पेस्ट मिळून आणखी अर्धा धरू. एकाच ट्रान्झिस्टरवर ५० वॅट पडले तर जंक्शन सिंकपेक्षा १०० अंशांनी जास्त तापेल. जंक्शन १३० अंशांवर ठेवायचे ठरवले, तर सिंक ३० अंशांचे असायला हवे, आणि ते मे महिन्यातल्या हवेपेक्षाही थंड झाले! म्हणजे एका ट्रान्झिस्टरने हे काम आपल्याकडे होणारच नाही, सिंक कितीही मोठे घेतले तरी. दोन ट्रान्झिस्टर घेतल्यास प्रत्येकी २५ वॅट, फरक ५० अंश, आणि सिंक ८० अंशांपर्यंत चालते. ४५ अंशांच्या हवेत त्याला ३५ अंशांची मुभा उरते. ३५ भागिले ५० म्हणजे ०.७ अंश प्रति वॅट. २५ अंशांच्या खोलीत हेच उत्तर १.१ आले असते.

०.७ चे सिंक म्हणजे मागच्या बाजूला उभ्या पंखांसह बसवलेला ॲल्युमिनियमचा चांगला भरभक्कम तुकडा, किंवा लहान सिंक आणि पंखा. पंखा लावणार असाल तर जाळी दर महिन्याला झाडावी, कारण उन्हाळ्यातील धूळ पंखांच्या फटी बुजवते. सिंक पेटीच्या आत बसवणे हा आम्ही पाहिलेला सर्वांत नेहमीचा दोष आहे. सिंकवर ८५ अंशांचा थर्मल कटआउट बसवावा.

९. दोन ट्रान्झिस्टर समांतर जोडले, पण एकच तापतो. दुसरा खराब आहे का?

तसे असेलच असे नाही. दोन ट्रान्झिस्टरांचे बेस-एमिटर दाब थोडे वेगळे असतात. ज्याचा कमी तो जास्त प्रवाह ओढतो, तापतो आणि तापल्यामुळे आणखी ओढतो. प्रत्येकाच्या एमिटरला ०.२२ ओहम ३ वॅटचा रेझिस्टर वेगवेगळा लावल्यावर वाटणी जवळपास सारखी होते. ते लावूनही फरक राहिला, तर दोन्ही रेझिस्टरांवरचा दाब मोजा. एकावर शून्य असेल तर त्या ट्रान्झिस्टरचा बेस तुटलेला आहे किंवा तो ट्रान्झिस्टर नकली आहे.

१०. करंट लिमिट २० मिलिअँपिअरवर लावली होती, तरी एलईडी जळाली. लिमिट काम करत नाही का?

लिमिट रेग्युलेटरचा प्रवाह रोखते. आउटपुट टर्मिनलांवर आधीच भरून बसलेल्या कपॅसिटरला ती रोखू शकत नाही. टर्मिनलांवर १००० मायक्रोफॅरड लावून सप्लाय ‘गुळगुळीत’ करण्याची सवय येथे नडते. लिमिट असलेल्या सप्लायवर ४७ मायक्रोफॅरडच्या आसपासच ठेवावे. एलईडी जोडताना आधी दाब शून्यावर आणावा, एलईडी जोडावी, मग दाब वाढवावा.

११. बांधून झाल्यावर पहिल्यांदा चालू कसे करावे?

सिरीज बोर्डावर. ६० वॅटचा साधा फिलामेंट बल्ब फेजच्या मालिकेत लावून चालू करा. क्षणभर उजळून तो मंद झाला तर ठीक. पेटलेलाच राहिला तर स्विच बंद करून ब्रिज, कपॅसिटरची दिशा आणि अभ्रकाच्या चकत्या तपासा. आधी पास ट्रान्झिस्टर (मालिकेतले २एन३०५५) न बसवता कपॅसिटरवरचा दाब पाहावा, नंतर नियंत्रणाचा पुरवठा, शेवटी ट्रान्झिस्टर. भार म्हणून १० ओहम ५० वॅटचा वायर-वाउंड रेझिस्टर उत्तम. गाडीचा हेडलाइटचा बल्ब वापरल्यास लक्षात ठेवा की थंड फिलामेंटचा रोध गरम असतानाच्या साधारण दहावा भाग असतो, त्यामुळे सुरुवातीला लिमिट लागणे हा दोष नव्हे. प्राथमिक बाजूचे सर्व जोड स्लीव्हने झाकल्याशिवाय पेटीत हात घालू नये.

१२. आउटपुटवर पूर्ण दाब येतो आणि नॉब फिरवून काहीच होत नाही.

दहापैकी आठ वेळा पास ट्रान्झिस्टर कलेक्टर-एमिटरमध्ये शॉर्ट झालेला असतो. पुरवठा काढा, कपॅसिटर रिता होऊ द्या, ट्रान्झिस्टर सर्किटाबाहेर काढून मल्टिमीटरच्या डायोड रेंजवर तपासा. कलेक्टर-एमिटर दोन्ही दिशांनी उघडे दिसायला हवे. तो चांगला निघाला, तर ड्रायव्हर ट्रान्झिस्टर (पास ट्रान्झिस्टरचा बेस चालवणारा) पाहा, आणि त्यानंतर पॉटचा (नॉबच्या व्हेरिएबल रेझिस्टरचा) मधला पाय. आमच्या टेबलावर एकदा सगळे भाग चांगले असूनही हाच दोष दिसत होता. शेवटी सिंकच्या भोकाला राहिलेल्या बारीक कुसळाने अभ्रक भेदलेले आढळले. ट्रान्झिस्टर बसवण्यापूर्वी भोके मोठ्या ड्रिलने हलके खरवडून घ्यावीत आणि केस व सिंक यांमधील रोध मोजावा.

१३. आउटपुटवर घरघर आहे. ती कुठून येते हे ऑसिलोस्कोपशिवाय कसे ओळखावे?

मल्टिमीटरला फ्रिक्वेन्सी रेंज असेल तर मुख्य कपॅसिटरवर, भार लावून, मालिकेत ०.१ मायक्रोफॅरड घालून मोजा. १०० हर्ट्झ आले तर ब्रिज ठीक आहे. ५० आले तर ब्रिजमधील एक डायोड उघडा पडला आहे. कपॅसिटरवरची घसरण प्रश्न ४ च्या हिशेबापेक्षा फार जास्त असेल, तर कपॅसिटर वाळला आहे.

कपॅसिटरवर सारे योग्य, दाबही पुरेसा, तरीही आउटपुटवर घरघर असेल, तर जमिनीची (ग्राउंडची, म्हणजे सर्किटाच्या शून्य व्होल्टची) तार पाहा. ब्रिजच्या ऋण टोकापासून कपॅसिटरपर्यंतच्या तारेतून मोठे झटके धावतात. त्याच तारेच्या मधून संदर्भाची जमीन घेतली, तर ते झटके संदर्भातच मिसळतात. संदर्भ आणि पॉट यांची जमीन थेट आउटपुटच्या काळ्या टर्मिनलवरून आणावी. तिसरी शक्यता दोलनाची (सर्किट आपोआप कंप पावू लागण्याची) : एसी रेंजवर काही मिलिव्होल्ट दिसतात, जवळ ठेवलेल्या मीडियम वेव्ह रेडिओत शिट्टी येते आणि तारांना हात लावला की ती बदलते. जुन्या आकृत्या मंद, सिंगल-डिफ्यूज्ड २एन३०५५ साठी काढलेल्या होत्या, तर आजचे एपिटॅक्सियल २एन३०५५ बरेच वेगवान आहेत. ऑप-अँपच्या आउटपुटपासून उलट इनपुटपर्यंतचा कपॅसिटर थोडा वाढवून आणि बेसला काही ओहमचा रेझिस्टर लावून ही शिट्टी बहुधा थांबते.

१४. ‘० ते ३० व्होल्ट ३ अँपिअर’ हे किट आणले. सूचनेप्रमाणे २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावला, तरी ऑप-अँप जळतात.

त्या प्रकारच्या किटमध्ये टीएल०८१ हे ऑप-अँप असतात आणि त्यांची एकूण मर्यादा ३६ व्होल्ट आहे. २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर कपॅसिटरवर ३४ देतो, त्यात उणे ५ व्होल्टचा पुरवठा मिळवला की ३९ होतात. आपल्याकडे रात्री ४५. ऑप-अँप टिकले तर ते नशीब. २० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि ४४ व्होल्टपर्यंत चालणारे एमसी३४०७१ घ्यावेत, आणि २० व्होल्ट दीड अँपिअरवर समाधान मानावे. तीन अँपिअर या रचनेतून का निघत नाहीत, ते प्रश्न ३ आणि ८ मध्ये आहे.

१५. सप्लाय बंद करताना आउटपुटवर क्षणभर मोठा दाब येतो. हे धोकादायक आहे का?

होय. उणे पुरवठ्याचा कपॅसिटर लहान असल्याने तो आधी संपतो, ऑप-अँपचे नियंत्रण सुटते आणि मुख्य कपॅसिटर भरलेलाच असल्याने आउटपुट वर उडी घेते. उणे पुरवठा गेला की पास ट्रान्झिस्टरचा बेस खाली ओढणारा एक लहान ट्रान्झिस्टर लावावा. नॉब फिरवताना अशीच उडी दिसली, तर पॉटचा मधला पाय क्षणभर सुटतो आहे. ऑप-अँपच्या सर्किटात मधल्या पायापासून जमिनीला १ मेगाओहम लावल्यास पाय सुटल्यावर आउटपुट वर न जाता शून्याकडे येते.

१६. डिजिटल व्होल्ट-अँपिअर मीटर लावला, तो प्रवाह चुकीचा दाखवतो.

या मीटरची बारीक काळी तार आणि जाड काळी तार आतून जोडलेल्या असतात. मीटरचा पुरवठा त्याच कपॅसिटरवरून घेतला, तर प्रवाहाचा काही भाग बारीक तारेतून परत जातो आणि आकडा बिघडतो. शिवाय त्यांपैकी बऱ्याच मीटरांचा पुरवठा कमाल ३० व्होल्ट असतो. वेगळ्या लहान वाइंडिंगवरून १२ व्होल्ट द्यावेत.

१७. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर सप्लाय चालवला, तर २४ व्होल्ट मिळत नाहीत. इन्व्हर्टर तर २२० दाखवतो.

स्क्वेअर वेव्हमध्ये शिखर आणि आरएमएस सारखेच असतात, १.४१४ चा लाभ मिळत नाही. अगदी २३० आरएमएस असले तरी कपॅसिटरवर २२ व्होल्टच येतात आणि हाती १९ राहतात. मॉडिफाइड प्रकारात शिखर बॅटरीच्या पातळीनुसार वरखाली होते. साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल तरच पूर्ण दाबाची अपेक्षा ठेवावी.

१८. या सप्लायवर १२ व्होल्टची बॅटरी चार्ज करता येईल का?

येईल, १३.८ व्होल्ट आणि बॅटरीच्या क्षमतेच्या दहाव्या भागाएवढी लिमिट लावावी. अडचण लाइट गेल्यावर येते : बॅटरी उलट दिशेने सप्लायमध्ये प्रवाह ढकलते आणि रेग्युलेटर किंवा ट्रान्झिस्टरचा बेस-एमिटर जोड जातो. लाल टर्मिनलनंतर ३ अँपिअरचा डायोड मालिकेत लावावा आणि १३.८ व्होल्ट त्या डायोडच्या पलीकडे, बॅटरीच्या टोकांवर मोजून लावावेत. बॅटरी उलटी जोडली जाण्याची भीती असेल, तर त्याच वाटेवर फ्यूजही हवा.

१९. पेटीला हात लावला की मुंग्या येतात, टेस्टरही पेटतो. ट्रान्सफॉर्मर शॉर्ट आहे का?

बहुतेक वेळा नाही. प्राथमिक वाइंडिंग आणि कोअर यांच्यामधील धारणेतून (कपॅसिटन्समधून) अत्यल्प प्रवाह पेटीवर येतो आणि अर्थिंग नसेल तर तो तुमच्या हातातून जातो. तीन पिनांची वायर लावून तिची हिरवी तार पेटीला पक्की जोडावी. ती जोडूनही मुंग्या येत असतील, तर घरातील अर्थिंगच मेले आहे. उन्हाळ्यात खड्ड्याभोवतीची माती वाळली की असे होते, आणि खड्ड्यात पाणी ओतण्याची जुनी पद्धत त्यासाठीच आहे. आउटपुटचे काळे टर्मिनल पेटीला जोडू नये. हिरवे टर्मिनल वेगळे द्यावे, म्हणजे गरजेप्रमाणे पत्रीने दोन्ही जोडता येतात आणि दोन सप्लाय मालिकेत लावून धन-ऋण १५ व्होल्टही घेता येतात. मात्र हिरवी तार जोडताक्षणी फ्यूज उडाला, तर इन्सुलेशन खरोखर गेले आहे. तो ट्रान्सफॉर्मर पुन्हा वापरू नये.